पात्यावरचा चीक

सोशाम्माच्या तीनशे झाडांवर गेली तीन वर्षं माझी सुरी चालते. हे आधीच सांगून टाकते. आमच्या डोंगरावर ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐकलेलं बरं. मी ओमना. सोशाम्मा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला चेच्ची म्हणते. म्हणत होते. आता आमच्यात बोलणं नाही.

मणिमला नदीच्या वरच्या अंगाला वर्कीच्चन मुतलालीचा रबराचा मळा आहे. मालकाला आमच्याकडे मुतलालीच म्हणतात, मग तो भला असो की बुरा. त्या मळ्यात आम्ही दोघी चीक काढायचो. तिचा पट्टा खालचा, रस्त्याला लागून, झाडं ऐन भरातली. माझा पट्टा वरच्या खडकावर, निम्मी झाडं म्हातारी आणि उरलेली हट्टी. दोघींच्या पट्ट्यांमध्ये एक दगडी बांध होता, आणि त्या बांधावर बसून आम्ही दहा वर्षं उकडलेला कप्पा, म्हणजे टॅपिओकाचा कंद, आणि हिरव्या मिरचीची चटणी खाल्ली.

तिचा हात कसा होता ते सांगायला हवं. झाडाची साल तिरकी कापायची असते, डावीकडून उजवीकडे उतरती. जास्त खोल गेलं तर सुरी लाकडाला लागते आणि झाडाला कायमची गाठ येते. कमी गेलं तर चीक येत नाही. सोशाम्माने काढलेली साल उजेडात धरली तर पलीकडचं बोट दिसायचं. बावीस वर्षांत तिने एकाही झाडाला लाकडापर्यंत जखम केली नव्हती. मला हे काम तिनेच शिकवलं. चुकलं की सुरीच्या मुठीने माझ्या मनगटावर टोला द्यायची आणि म्हणायची, "झाड आहे ते, फणस नव्हे. फोडायला बसलीस का?"

तिचा नवरा मत्तायी लग्नानंतर सहा वर्षांत गेला. मूलबाळ नाही. कुणी कीव करायला लागलं की ती म्हणायची, "तुम्हाला सुना आहेत, मला झाडं आहेत. माझी झाडं उलट बोलत नाहीत." दर महिन्याच्या पहिल्या दिवशी ती प्रत्येक झाडावर कापाच्या कडेला सुरीच्या टोकाने एक टिंब द्यायची. साल किती खर्ची पडली ते त्यावरून कळतं. कुठल्याही झाडापुढे उभं करा, ती टिंबं मोजून सांगायची की अमुक महिन्यात पाऊस किती दिवस होता. मलाही तिने ती सवय लावली होती.

आमच्या मळ्यात एक रीत आहे, मुतलालीच्या बापाच्या वेळेपासूनची. कुणी आजारी पडलं, कुणी बाळंत झाली, की तिचा पट्टा शेजारणीने सांभाळायचा. एक दिवस कापलं की झाडाला एक दिवस विश्रांती असते, तेव्हा आपल्या सुट्टीच्या दिवशी दुसरीची झाडं करायची. पण आपली सुरी वापरायची नाही. जिचा पट्टा तिचीच सुरी पहाटे तिच्या दारातून उचलायची आणि काम झालं की पुन्हा दाराला टांगायची. जोवर तिची सुरी चालते तोवर पट्टा तिचा. मुतलालीनेही त्यात हात घालायचा नाही. सुरी बदलली की पट्टा बदलला. याचा कागद कुठेच नाही, पण आमच्याकडे कुणी ते मोडलेलं ऐकिवात नव्हतं.

त्या वर्षी जूनमध्ये पाऊस लागून राहिला. पाऊस असला की काम बंद, आणि काम बंद असलं की झाडाला तारेने अडकवलेल्या करवंट्या पालथ्या घालायच्या असतात. चीक साठवायच्या त्या करवंट्यांत पाणी साचतं, पाण्यात डास होतात. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. पण पालथ्या घातलेल्या तीनशे करवंट्या दुसऱ्या दिवशी पुन्हा उताण्या करायच्या म्हणजे तासभर जातो. म्हणून प्रत्येक जण आभाळाकडे बघून म्हणतो, उद्या उघडीप होईल, राहू दे तशाच. आमच्या लोकांची ही खास चूक. सोशाम्मा ती करत नसे. पहिल्याच दिवशी भिजत जाऊन तिने आपल्या सगळ्या करवंट्या पालथ्या घातल्या आणि बांधावरून मला हाक मारली.

"ओमने, तुझ्या राहिल्यात."

"उद्या उघडेल, चेच्ची."

"तुझ्या बापाने सांगितलं का तसं?"

"रेडिओने सांगितलं."

"रेडिओला म्हणावं, ये आणि माझ्या करवंट्या पालथ्या घाल." ती हसत निघून गेली. मी घातल्या नाहीत. उद्याही घातल्या नाहीत. नऊ दिवस पाऊस पडत राहिला.

मग ताप आला. आमच्या डोंगरावरच्या साठ घरांतलं एकही घर सुटलं नाही. चिकनगुनिया. माणसं चार पायांवर न्हाणीघरापर्यंत जायची. मलाही झाला, बारा दिवस मी भिंतीला धरून चालले. तेराव्या दिवशी जरा उभं राहता आलं तशी मी कुणाला न सांगता वरच्या पट्ट्यात गेले आणि माझ्या करवंट्या एकेक करून ओतल्या. पाण्यात वळवळत होतं. डास माझ्याच करवंटीतले होते असं कोण सांगणार, सगळा डोंगरच तसा होता. पण डासाला बांधाची हद्द कळत नाही, आणि माझ्या पट्ट्याला सगळ्यांत जवळचं घर सोशाम्माचं. हे मी तिला कधी सांगितलं नाही.

तीन आठवड्यांत डोंगर उठला. लोक लंगडत का होईना कामाला लागले. सोशाम्माचा ताप उतरला, पण सांधे सुटले नाहीत. गुडघे, घोटे आणि सगळ्यांत वाईट म्हणजे हात. सकाळी उठली की दोन्ही मुठी आवळलेल्या. बोटं उघडायचीच नाहीत. गरम पाण्यात धरली, वैद्याचं तेल चोळलं, सुंठ-मिरीची कॉफी प्याली, तरी नऊ-दहा वाजेपर्यंत मूठ ती मूठच. मग हळूहळू एकेक बोट सुटायचं. दुपारी तीनला बघावं तर हात चांगला चालतोय, मासे साफ करतेय, नारळ खवतेय. आणि चीक तर पहाटेच काढावा लागतो. ऊन चढलं की झाड आटतं.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरकडे ती दुपारी गेली, कारण सकाळी तिला बस चढता येत नव्हती. डॉक्टरने बोटं हलवून बघितली आणि म्हणाला, "चांगली हलताहेत की. ताप जाऊन दीड महिना झाला. आता मन घट्ट करा." ती घरी आली ती एवढी चिडलेली की मला म्हणाली, "मन घट्ट आहे म्हणावं, हातच घट्ट झालाय, तो सैल करून दे."

लोकांची तोंडं तर विचारूच नका. देवळापुढच्या चहाच्या टपरीवर, चर्चच्या पायऱ्यांवर एकच विषय. आजार पण घड्याळ लावून येतो वाटतं. सकाळी आजारी, दुपारी बरी. 'दुपारची सोशाम्मा' असं नावच पडलं. ज्यांच्या बाळंतपणात हिने चाळीस-चाळीस दिवस झाडं सांभाळली त्याच बायका हसायच्या. त्यांच्यावर ती ओरडली नाही. एकदाच मला म्हणाली, "मेले असते तर रडल्या असत्या ग या. अर्धी मेले म्हणून हसतात."

तिची सकाळची मूठ बघणारी मी एकटीच होते. कारण तिची सुरी मी सांभाळत होते. पहाटे पाचला तिच्या दारात जायचं, ती चुलीपुढे मुठी शेकत बसलेली असायची. दाराच्या खिळ्यावरून सुरी काढून घ्यायची. "जाऊ का, चेच्ची?" "जा. पायऱ्या निसरड्या आहेत." दहाला परत येऊन सुरी टांगायची. दुपारी बोटं सुटली की ती सुरी उतरवून दगडावर धार लावायची, पुढच्या पाळीसाठी. जिला भांडं उचलायला अर्धा दिवस वाट बघावी लागते, ती हाताला आलेली पहिली ताकद माझ्यासाठी धार लावण्यात घालवायची.

एकदा तिने स्वतः करून बघितलं. ऑगस्टमधली गोष्ट. मी नको म्हणत असताना माझ्याबरोबर आली, दोन्ही मुठींत सुरी कोंबली आणि पहिल्या झाडाला लावली. सुरी घसरली आणि थेट लाकडात गेली. पांढऱ्या चिकाखाली पिवळं लाकूड दिसलं. तिने सुरी खाली टाकली. मग चिखल घेऊन त्या जखमेवर लिंपला, तोही मनगटाने, कारण बोटं मिटलेली. म्हणाली, "हात सुधारल्याशिवाय या पट्ट्यात पाऊल टाकणार नाही. तू आहेस ना." आणि खरंच ती पुन्हा तिकडे फिरकली नाही.

आता माझं. तिची सुरी बावीस वर्षं तिच्या हाताने घासली गेली होती. साल कापणारी पात्याची खाच अरुंद, मूठ तिच्या पंजाएवढी झिजलेली. माझ्या हातात ती वळायची नाही. तीनशे झाडांना मला तासभर जास्त लागायचा, शेवटची साठ झाडं उन्हात सापडायची. ओणमचा सण झाला, आणि तिसऱ्या दिवशी मी कमरेला दोन सुऱ्या लावल्या. म्हटलं, आज एकच दिवस, पाठ दुखतेय. माझी सुरी त्या झाडांवर पाण्यासारखी चालली. साडेसातला सगळं आटोपलं. बांधावर बसले तेव्हा लक्षात आलं की चेच्चीच्या सुरीला चीक लागलेलाच नाही. मी करवंटीतला थोडा चीक बोटावर घेतला, तिच्या पात्याला पुसला आणि ती दाराला टांगली.

दुसऱ्या पाळीलाही तेच केलं. मग दर पाळीला तेच होत गेलं. सांगायला हवं होतं, एकदा नाही, शंभरदा. पण दर वेळी ती विचारायची, "सुरी बरी चालतेय ना?" आणि माझ्या तोंडून निघायचं, "लोण्यासारखी." एका दुपारी धार लावता लावता ती म्हणाली, "तुझा हात हलका झालाय ओमने. पातं झिजतच नाही बघ." तिच्या चेहऱ्यावर गुरूला वाटतं तसं समाधान होतं. मी पदराने तोंड पुसलं आणि घरी काम आहे म्हणून उठले.

आणि नुसती पाठच दुखत होती असं म्हणाले तर ते खोटं होईल. ती झाडं मला हवीशी वाटायला लागली होती. रस्त्याला लागून, सपाट, भरपूर चीक देणारी. वरच्या खडकावर चढताना माझे स्वतःचे गुडघे कुरकुरायचे, तेव्हा मनात यायचं की चेच्चीला आता कुठे हे जमणार आहे. नोव्हेंबरात मुतलाली पट्ट्यातून चालत आला. माझ्या हातातली सुरी बघितली, कमरेची सुरी बघितली. म्हणाला, "कुणाची सुरी चालतेय ही?" मी करवंटीची तार नीट करत राहिले. "बरं, बरं. चालू दे," म्हणत पुढे गेला. तेव्हाच मी समजायला हवं होतं, किंवा समजले होते.

फेब्रुवारीत झाडांची पानं गळतात आणि काम थांबतं. नव्या हंगामाच्या आदल्या दिवशी, ईस्टरनंतरच्या सोमवारी, मुतलालीने सगळ्यांना धुरीघराच्या, म्हणजे रबराच्या लाद्या धुरावर वाळवायच्या खोलीच्या, अंगणात बोलावलं. वेळ सकाळी सातची. सोशाम्माची वेळ त्याला चांगली ठाऊक होती.

आदल्या संध्याकाळी ती माझ्याकडे आली. बरोबर केळीच्या पानात बांधलेली तळलेली मासळी. अंगणात बसून म्हणाली, "उद्या तो पट्ट्याचं काढणार. काढू दे. रीत आहे, आणि पौलोस चेट्टनसारखे जुने लोक आहेत. एकच प्रश्न येईल, सुरी कुणाची चालली. तू खरं तेच सांग. बाकी मी बघते."

"चेच्ची..."

"काय ग? घाबरतेस त्याला?"

मी नाही म्हटलं. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. संध्याकाळ होती, हात उघडा होता. ती मासळी मी खाल्ली.

सकाळी ती आली ती काठी बगलेत धरून, दोन्ही मुठी टॉवेलखाली झाकून. मुतलाली खुर्चीवर. आवाज मध लावल्यासारखा. "सोशाम्मे, मी तुझं कधी वाईट चिंतलंय का? पण झाडं वाट बघत नाहीत. तुला दुपारी इथे धुरीघरात हलकं काम देतो."

"पट्टा माझा आहे," सोशाम्मा म्हणाली. "हात आज ना उद्या सुटेल. तोवर माझी सुरी चालतेय. रीत तुमच्या वडिलांनी घातलेली आहे."

पौलोस चेट्टन, आमच्यातला सगळ्यांत जुना, मान हलवून म्हणाला, "तिची सुरी चालत असेल तर मुतलाली, काही बोलता येत नाही."

"मग विचारू या," मुतलाली माझ्याकडे वळला. "ओमने, कुणाची सुरी?"

सोशाम्मा माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. ती पौलोसकडे बघत होती, इतकी निर्धास्त. मी तेव्हा 'तिची' म्हणाले असते तर मुतलालीने मला खोटं पाडलं असतं, असं मी नंतर किती तरी दिवस स्वतःला सांगत राहिले. खरं म्हणजे त्याला साक्षीदार नव्हता. त्याच्या एकट्याच्या शब्दावर पौलोस चेट्टन हलला नसता.

"माझी," मी म्हणाले.

पौलोसने विचारलं, "कधीपासून?"

"शेवटचे आठ-पंधरा दिवस. पाठ दुखत होती म्हणून."

सोशाम्माच्या हातांवरून टॉवेल खाली पडला आणि तिच्या त्या दोन मुठी सगळ्यांना दिसल्या. सकाळी सातच्या मुठी. आठ महिने ज्या बायका हसत होत्या त्यांनी पहिल्यांदाच त्या बघितल्या आणि एकीने तोंडावर हात ठेवला. पण आता बघून काय उपयोग. टॉवेल उचलायला मी वाकले तर ती म्हणाली, "राहू दे." मुतलालीने पट्टा माझ्या नावाने पुकारला. दुपारच्या हलक्या कामाचं म्हणाल तर ती दुपार अजून उजाडलेली नाही.

त्याच दिवशी चारच्या सुमाराला ती माझ्या दारात आली. पायाला पाचोळा चिकटलेला, श्वास लागलेला. पट्ट्यात जाऊन आली होती. आत ये म्हटलं तर आली नाही.

"आठ-पंधरा दिवस?" ती म्हणाली.

मी दारातच तिच्यासाठी पाट ठेवला.

"माझ्या सुरीची खाच अरुंद आहे. तुझी रुंद. सालीवर रेघ दिसते, ओमने, मीच शिकवलंय तुला. आणि टिंबं तू इमानाने देत गेलीस." तिने हात पुढे केला, बोटं उघडी होती. "सप्टेंबरचं टिंब, त्याच्याखाली थोडं, आणि तिथून पुढे सगळी तुझी रेघ. पहिल्या झाडापासून तीनशेव्यापर्यंत बघितलं. मला वाटलं, एखादं तरी झाड वेगळं बोलेल."

"चेच्ची, तुझी सुरी मला वळत नव्हती."

"सांगायचं होतंस. मी मूठ बदलून दिली असती."

तिने पायाचा पाचोळा झटकला.

"ताप आला, हात गेला, त्याचं मी कुणाला काही म्हटलं नाही. अंग आहे, दगा देतं. डॉक्टर परका, मुतलाली मालक, त्या बायका तशाच. पण मी रोज दुपारी बोटं उघडायची वाट बघत होते, धार लावायला. तू मला ती लावू दिलीस. पाच महिने. पात्याला चीक पुसून आणायचीस ना?"

मी मान हलवली. खोटं बोलायला आता जागाच उरली नव्हती. ती गेली, आणि मला तिचाच राग आला. एवढा आंधळा विश्वास ठेवायला तिला कुणी सांगितलं होतं? त्या रात्री मी जेवले नाही, पण सकाळी तिच्या झाडांवर गेले. माझ्या झाडांवर.

तीन वर्षं झाली. तिची मूठ अजून सकाळी मिटलेलीच असते. शहरातल्या मोठ्या दवाखान्यातल्या एका डॉक्टरीणबाईने तिला सांगितलं की हे खरं दुखणं आहे, तापाच्या मागून राहतं, कुणाकुणाचं वर्षानुवर्षं राहतं. तो कागद तिने चर्चच्या बायकांना दाखवला नाही. घरात पेटीत ठेवलाय म्हणतात. आता ती दुपारी लोकांच्या सुऱ्यांना धार लावते. साऱ्या डोंगराच्या सुऱ्या तिच्याकडे जातात, आणि तिच्या हातची धार लागली की सुरी महिनाभर बघावी लागत नाही. 'दुपारची सोशाम्मा' हे नाव तसंच आहे, पण आता लोक ते पत्ता सांगावा तसं म्हणतात.

मी तीन वर्षं माझी सुरी स्वतःच घासत होते. गेल्या आठवड्यात पौलोस चेट्टन तिच्याकडे निघाला होता. मी माझी सुरी त्याच्या पिशवीत घातली आणि म्हटलं, कुणाची ते सांगू नका. मनात होतं की तिने ओळखावी. ओळखून फेकून द्यावी, शिव्या द्याव्यात, नाहीतर धार लावावी. काहीही चाललं असतं.

संध्याकाळी पौलोसने सुरी आणून दिली. "तिने काही विचारलं नाही," तो म्हणाला. "बाकीच्यांना धार लावली, ही हातात घेतली, अंगणातल्या रबराच्या झाडापाशी गेली आणि परत आणून दिली. झालं म्हणाली."

मी सुरी उजेडात नेली. धार होती तशीच बोथट होती, दगड लागलेला नव्हता. पात्यावर एका बाजूने, बोटाने पुसलेला, ताजा चीक होता.